परळ, पायोरिया आणि एक हरवलेली साखर

रोहे शहराला खेटून असलेले वरसे. जवळून कुंडलिका वाहते आणि रेवदंड्यापाशी खाडी होऊन समुद्राला मिळते. या पट्ट्यातल्या, म्हणजे रोहे-पेणच्या, जुन्या घरांत चुलीशेजारी मशेरीचा डबा असे. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू कुटून केलेली ती पूड सकाळी बोटावर घ्यायची आणि हिरड्यांवर फिरवायची, हा अनेक बायकांच्या दिवसाचा आरंभ होता. काही घरांत आजही आहे.

अशा घरात नेहमी दिसणारी एक गोष्ट होती. दोन सख्ख्या बहिणी, डबा एक, अन्न एक, पाणी एक. एकीचे दात चाळिशीतच हलू लागत आणि एकेक करून पडत. दुसरी सत्तरीतही भाजलेले शेंगदाणे फोडून खाई. घरातली माणसे म्हणत, ‘ज्याचं त्याचं हाड.’ वैद्यकशास्त्राला या तीन शब्दांपर्यंत पोचायला विसावे शतक बरेचसे खर्ची घालावे लागले, आणि त्या प्रवासातले एक महत्त्वाचे स्थानक मुंबईत परळला होते. आजचा हा धागा त्या प्रवासाचा.

आरंभ आपल्याकडच्या सर्वांत जुन्या नोंदींपासून. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखरोगांचा अध्याय आहे. त्यात दंतमूलाचे, म्हणजे हिरड्यांचे, पंधरा रोग मोजले आहेत. शीतादात हिरडीतून अकस्मात रक्त येते, ती मऊ पडते, दुर्गंधी सुटते. दंतवेष्टात पू आणि रक्त वाहते व दात हलतात. उपकुशात दाह होतो, हिरडी पिकते, दात ढिले होतात. आजचा कोणताही दंतवैद्य ही लक्षणे वाचून लगेच मान डोलावेल. पण येथे अधिक लक्ष वेधते ते कारण. दंतवेष्टाचे मूळ दुष्ट रक्तात, शीतादाचे कफ आणि रक्तात, उपकुशाचे पित्त आणि रक्तात. म्हणजे रोगाचे मूळ शरीराच्या आतल्या बिघाडात शोधलेले आहे. यावरून ‘आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असे म्हणण्याचे कारण नाही, कारण पांढरी पेशी त्यांना दिसलेली नव्हती आणि दिसणे शक्यही नव्हते. प्रश्न आतला की बाहेरचा, हा वाद मात्र किती जुना आहे, ते यातून कळते.

बाहेरच्या शत्रूचे पहिले दर्शन घडले १६८३ मध्ये. त्या वर्षी संभाजी महाराजांच्या फौजांनी कुंडलिकेच्या मुखाशी असलेल्या चौलच्या पोर्तुगीज ठाण्याला वेढा घातला होता. त्याच वर्षी सप्टेंबरात हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक याने लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र लिहिले. स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून त्याने तो आपल्या भिंगाखाली ठेवला होता. जन्मात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडातला थरही त्याने तपासला. दोन्हींत असंख्य सूक्ष्म जीव वळवळत होते. मानवाने जिवाणू पाहिल्याच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक, आणि ते जिवाणू दातांवरच्या थरातले होते.

पुढची दोनशे वर्षे या वळवळीचा अर्थ कोणी फारसा लावला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जॉन रिग्ज हा दंतवैद्य दाताच्या मुळापर्यंत किटण खरवडून हिरड्या बऱ्या करू लागला, आणि हा आजार काही काळ ‘रिग्जचा रोग’ म्हणूनच ओळखला गेला. १८९० मध्ये विलोबी मिलर याचा तोंडातील जिवाणूंवरचा ग्रंथ आला. पाश्चर आणि कॉख यांच्या विजयाचा तो काळ होता. प्रत्येक रोगामागे एक जंतू, हे सूत्र पक्के होत होते. पायोरियाचाही एक जंतू असणार, तो सापडला की प्रश्न मिटला, अशी समजूत झाली.

या समजुतीची किंमत रुग्णांनी मोजली. विल्यम हंटर या इंग्रज वैद्याने १९१० मध्ये मॉन्ट्रियल येथे दिलेल्या व्याख्यानात तोंडातल्या पुवाला शरीरभरच्या आजारांसाठी जबाबदार धरले. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत संधिवातापासून मनोविकारापर्यंत नाना तक्रारींवर उपाय म्हणून युरोप-अमेरिकेत अगणित दात उपटले गेले. त्यांतले किती चांगले होते, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

महायुद्धानंतर मोजणीचा काळ आला. नवस्वतंत्र भारत या मोजणीचे एक मोठे क्षेत्र ठरला. मूळचे नॉर्वेचे आणि अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात स्थिरावलेले सिगुर्ड रॅमफ्योर्ड यांनी मुंबईतल्या ११ ते १७ वर्षे वयाच्या मुलांच्या हिरड्या तपासल्या. हा अभ्यास १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. तोंडातले सहा निवडक दात तपासून साऱ्या तोंडाची स्थिती ठरवण्याची त्यांची पद्धत पुढे जगभर वापरली गेली. त्या काळच्या अशा पाहण्यांतून निघणारा निष्कर्ष साधारणपणे दोन शब्दांत मावे: वय आणि अस्वच्छता. माणूस जितका वयस्क आणि तोंड जितके अस्वच्छ, तितका रोग अधिक.

आकडे खोटे नव्हते. १९६५ मध्ये डेन्मार्कच्या ऑर्हुस येथे हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी बारा निरोगी माणसांना दात घासणे थांबवायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू होताच त्या पूर्ववत झाल्या. थर हाच हिरडीच्या दाहाचे कारण आहे, हे इतक्या साध्या रीतीने त्याआधी कोणी दाखवले नव्हते. पण ‘अस्वच्छता’ हा शब्द प्रयोगशाळेबाहेर पडला की त्याचा स्वर बदलतो. गरिबाचे, खेडवळाचे दात पडले तर तो त्याचाच आळस, असे म्हणायला तो सोयीचा ठरला. आणि वरसेच्या त्या दोन बहिणींचे कोडे तसेच राहिले.

कोडे फोडायला पुन्हा लो यांचीच मदत झाली, आणि तीही हिंदुस्थानाच्या शेजारी. १९७० मध्ये त्यांच्या गटाने श्रीलंकेतल्या चहामळ्यांवर काम करणाऱ्या ४८० तमिळ पुरुषांची तपासणी सुरू केली. हे मजूर ब्रिटिश काळात दक्षिण भारतातून नेलेल्यांचे वंशज. त्यांच्यापर्यंत दंतवैद्य कधी पोचला नव्हता, दात घासण्याचा ब्रश त्यांच्या वापरात नव्हता. साऱ्यांच्या दातांवर थर होता, किटण होते, जवळपास साऱ्यांच्या हिरड्या सुजलेल्या होत्या. पंधरा वर्षे त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जाऊन मोजमाप घेतले गेले. (ज्यांच्यावर काहीच उपचार झाले नाहीत अशा माणसांना वर्षानुवर्षे नुसते मोजत राहणे आज कितपत योग्य ठरेल, हा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. तो यायलाच हवा.)

१९८६ मध्ये निकाल छापून आला. ८१ टक्के मजुरांत रोग मध्यम गतीने वाढला. ८ टक्क्यांत तो झपाट्याने धावला. वयाच्या पस्तिशीत त्यांच्या दातांचा आधार सरासरी नऊ मिलिमीटर खचला होता. आणि ११ टक्के असे होते की हिरडी सुजली तरी रोग त्यापुढे सरकलाच नाही. पस्तिशीत त्यांचा आधार एक मिलिमीटरही खचलेला नव्हता. मळा तोच, काम तेच, दातांवरचा थर तितकाच, आणि परिणामात एवढे अंतर.

थर सर्वांना सारखा असेल, तर फरक थराला मिळणाऱ्या उत्तरात असणार. हे उत्तर देणाऱ्या व्यवस्थेला आपण रोगप्रतिकारशक्ती म्हणतो.

या शक्तीचे एक पान उलगडले १८८२ मध्ये, सिसिलीतल्या मेसिना येथे. एल्या मेच्निकोव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात गुलाबाचा काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला त्याला दिसला. परक्याला वेढून गिळणाऱ्या या भक्षक पेशींच्या सिद्धांतासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक त्याला पॉल एहर्लिखसोबत विभागून मिळाले. मेच्निकोव्हचा ओडेसातला एक विद्यार्थी महाराष्ट्राला चांगला परिचित आहे: वाल्डेमार हाफकिन. १८९६ च्या प्लेगमध्ये हाफकिन मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत त्याने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. १९२५ पासून ती त्याच्याच नावाने ओळखली जाते.

भक्षक पेशींचा आणि हिरड्यांचा संबंध फार घनिष्ठ आहे. आपल्या कातडीचे आवरण सर्वत्र अखंड असते. दात हाच एक कठीण पदार्थ ते आवरण भेदून बाहेर आलेला. दात आणि हिरडी यांच्या सांध्यातली फट म्हणजे गडाचा कायमचा उघडा दरवाजा. तेथे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचा पहारा अहोरात्र असतो. रक्तवाहिनीतून बाहेर पडून त्या फटीत उतरतात, जिवाणूंना रोखतात आणि तेथेच मरतात. निरोगी हिरडीतही ही ये-जा थांबत नाही.

मग दाताभोवतीचे हाड खाते कोण? जिवाणू, असे उत्तर दीर्घकाळ गृहीत धरले गेले होते. १९७२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हॉर्टन आणि सहकाऱ्यांचा एक छोटा निबंध आला. त्यांनी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घेतल्या आणि दातांवरच्या थरातल्या द्रव्याने त्यांना डिवचले. पेशी बाजूला काढून उरलेले पाणी उंदराच्या गर्भाच्या हाडावर घातले. हाड विरघळू लागले. त्या पाण्यातला प्रमुख घटक पुढे इंटरल्यूकिन-१ ठरला. पांढऱ्या पेशींचा हा निरोप मिळाला की शरीराच्याच हाड-पोखरणाऱ्या पेशी कामाला लागतात. जिवाणू दरवाजावर धडका देतो. तट पाडण्याचा हुकूम आतून सुटतो. थर दीर्घकाळ टिकला की सांध्यातले हाड मागे घेतले जाते, आणि हाड गेल्यावर दाताला धरायला काही उरत नाही.

येथवर कथा सोपी वाटते: प्रतिकार अति झाला की दात जातात. तसे असेल तर ज्यांच्या हिरडीत पहारेकरी पोचतच नाहीत, त्यांचे दात भक्कम हवेत. आता परळला परतावे लागते.

हाफकिन संस्थेच्याच रस्त्यावर केईएम रुग्णालय आहे. तेथे डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे १९५२ च्या सुमारास एक अजब अडचण उभी राहिली. काही जणांचे रक्त कोणत्याही दात्याच्या रक्ताशी जुळेना. तपासात ते ‘ओ’ गटाचे वाटत होते, तरी ‘ओ’ गटाचे रक्तही त्यांना चालत नव्हते. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी लंडनच्या तज्ज्ञांच्या साहाय्याने याची उकल केली आणि त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये निबंध छापला. ए, बी आणि ओ या तिन्ही गटांच्या तळाशी ‘एच’ नावाचा एक पाया असतो. या माणसांत तो पायाच नव्हता. जगाने त्या गटाला नाव दिले ‘बॉम्बे’. शहराचे नाव १९९५ मध्ये बदलले, रक्तगटाचे तसेच राहिले.

‘एच’चा पाया रचताना शरीर लाल पेशीवरच्या साखरेच्या साखळीला शेवटी फ्युकोज नावाची एक साखर जोडते. बॉम्बे गटाच्या माणसांत ही जोडणी करणारे विकर नसते. बाकी सारे ठीक असते. रक्त घ्यायची वेळ आली नाही तर त्यांना आयुष्यभर काही जाणवत नाही, आणि त्यांच्या हिरड्या इतरांसारख्याच असतात. हे अधोरेखित करायला हवे, नाहीतर या धाग्यातून एक नवी अफवा जन्माला यायची.

चाळीस वर्षांनी, १९९२ मध्ये, इस्राएलमधल्या आमोस एत्झिओनी यांच्या गटाने दोन मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. मुले एकमेकांच्या नात्यातली नव्हती. दोघांना वारंवार जंतुसंसर्ग होई, रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर असत, पण संसर्गाच्या जागी पू होत नसे. पहारेकरी छावणीत होते, दरवाजावर पोचत नव्हते. आणि दोघांचा रक्तगट होता बॉम्बे.

उलगडा फ्युकोजमध्ये होता. पांढरी पेशी रक्ताच्या वेगवान प्रवाहातून थेट बाहेर उडी मारू शकत नाही. आधी ती वाहिनीच्या भिंतीला हलकेच धरत, घरंगळत, वेग कमी करते; मग घट्ट चिकटते आणि मग भिंतीतून पार होते. पहिल्या पकडीसाठी तिच्या अंगावर साखरेची एक खूण लागते, आणि त्या खुणेतही फ्युकोज असते. या मुलांत केवळ एक विकर नव्हे, तर फ्युकोज पेशीतल्या योग्य जागी पोचवणारा वाहकच निकामी होता. त्याचे जनुक २००१ मध्ये सापडले. म्हणून लाल पेशीवरचा ‘एच’ही गेला आणि पांढऱ्या पेशीची पकडही गेली. परळला रक्तपेढीत पडलेले कोडे आणि हे नवे कोडे एकाच साखरेपाशी येऊन मिळाले.

मुले मोठी होऊ लागली तसा मोठा जंतुसंसर्ग विरळ झाला. टिकून राहिला तो हिरड्यांचा रोग, तोही अत्यंत तीव्र. म्हणजे पहारा नसेल तर दात भक्कम राहत नाहीत. ते अधिक लवकर जातात.

याच कुळातला, पण वेगळ्या बिघाडाचा आणखी एक आजार आहे. त्यात पेशी घरंगळते, मात्र घट्ट चिकटू शकत नाही. अशा मुलांचे दात बालपणापासून पडू लागतात. न्यूट्रोफिल नाहीत म्हणून जिवाणू मोकाट, असे वर्षानुवर्षे मानले गेले. २०१४ मध्ये अमेरिकेत निकी मुत्सोपूलोस आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या हिरड्यांचा तुकडा तपासला, तेव्हा जिवाणू आत घुसलेले आढळले नाहीत. आढळला तो इंटरल्यूकिन-१७ या दाहकारक निरोपाचा पूर. न्यूट्रोफिल हिरडीत येऊन मरतो, तेव्हा त्याच्या मरणातूनच ‘आता पुरे’ हा संदेश मागे जात असतो. तो आलाच नाही, तर मदतीची हाक थांबत नाही, आणि ती हाकच हाड गिळते. २०१७ मध्ये अशा एका रुग्णाला मुळात सोरायसिससाठी वापरले जाणारे औषध देऊन ही हाक दाबली गेली आणि हिरडीचा दाह ओसरला. जंतुनाशकांनी जे साधले नव्हते ते दाहशामक औषधाने साधले.

श्रीलंकेतल्या त्या आठ आणि अकरा टक्क्यांचा सारा अर्थ या दुर्मीळ मुलांनी सांगितला असे नाही. सामान्य माणसांत एक जनुक नव्हे, अनेक लहान फरक एकत्र काम करतात. मधुमेहासारखा आजारही पारडे झुकवतो. पण ‘आळशी म्हणून दात गेले’ हे विधान यानंतर सरळ तोंडाने करता येत नाही.

आता पुन्हा मशेरीकडे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता यांच्या गटाने पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून तंबाखू आणि मुखकर्करोग यांच्या नात्यावर १९७२ मध्ये जो निबंध छापला, तो जगातल्या अशा मोठ्या पाहण्यांत गणला जातो. त्याचा रोख कर्करोगावर होता. हिरड्यांच्या बाबतीत तंबाखूचे एक वेगळेच कपट आहे, आणि ते धूम्रपान करणाऱ्यांत नीट तपासले गेले आहे. त्यांचे हाड इतरांहून जलद झिजते, तरीही हिरडीतून रक्त मात्र कमी येते. रक्त येणे ही हिरडीची धोक्याची घंटा. तंबाखू पहारेकऱ्यांना दुबळे करते आणि घंटाही बांधून ठेवते. धूम्रपान सोडल्यावर काही आठवड्यांतच हिरडीतून पुन्हा रक्त येऊ लागते.

मशेरीत तीच तंबाखू असते, आणि तीही थेट हिरडीवर घासलेली. ‘मशेरीने हिरड्या घट्ट होतात, रक्त थांबते’ हा कोकणातल्या कित्येक बायकांचा अनुभव बहुधा खोटा नव्हता. रक्त खरोखरच थांबत असावे. लेकीसुनांच्या आग्रहाखातर डबा बंद केला की चार दिवसांत चूळ लाल होई, आणि मग ती बाई म्हणे, बघ, सोडली म्हणून झालं; आणि डबा पुन्हा चुलीशेजारी येई.